जागा राखीव, पण निवड कोणाची? येरवडा १९३२ : एक प्रकरण अभ्यास

अस्पृश्यांच्या राजकीय प्रतिनिधित्वाबद्दल १९३२ मध्ये झालेल्या पुणे कराराचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या लेखी गांधीजींनी प्राण पणाला लावून हिंदू समाज फुटू दिला नाही. दुसऱ्याच्या लेखी उपोषणाचा धाक घालून दलितांच्या हातात आलेला हक्क काढून घेतला गेला. दोन्ही बाजूंची भाषणं मी पुण्यात वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्या भाषणांत कराराची कलमं मात्र सहसा कोणी वाचून दाखवत नाही. करार जेमतेम नऊ कलमांचा आहे, सावकाश वाचला तरी दहा मिनिटांत संपतो. त्यातल्या दुसऱ्या कलमावर मला इथे थांबायचं आहे. आपल्या लोकशाहीत वंचितांचा प्रतिनिधी कोणापुढे मान तुकवणार, हे बऱ्याच अंशी त्या कलमाच्या नशिबाने ठरवलं.

प्रसंग काय होता

१६ ऑगस्ट १९३२ ला ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी कोणत्या समाजाला किती जागा हे ठरवणारा जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्य वर्गांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा मिळाल्या आणि त्या जागांसाठी मत फक्त अस्पृश्य मतदारांनीच द्यायचं होतं. हाच स्वतंत्र मतदारसंघ. शिवाय याच मतदाराला सर्वसाधारण मतदारसंघातही मत होतं. म्हणजे दोन मतं: एक आपला माणूस निवडायला आणि दुसरं सवर्ण उमेदवाराला आपल्या दारात यायला लावायला. बाबासाहेबांना या दुसऱ्या मताचं मोल फार वाटत होतं. ही सोय कायमची नव्हती, वीस वर्षांनी संपणार होती. हा तपशील वादात बहुतेक वेळा गळून पडतो.

गांधीजी ४ जानेवारी १९३२ पासून येरवड्याच्या तुरुंगात होते. गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक समितीत १३ नोव्हेंबर १९३१ ला त्यांनी सांगून टाकलं होतं की अस्पृश्यांना हिंदूंपासून वेगळं काढण्याला मी प्राणपणाने विरोध करीन. मार्चमध्ये त्यांनी भारतमंत्री सॅम्युअल होअर यांना तसं पत्र लिहिलं आणि १८ ऑगस्टला पंतप्रधानांना उपोषणाची तारीख कळवली. २० सप्टेंबरला, मंगळवारी दुपारी, उपोषण सुरू झालं.

पुण्याची तेव्हाची स्थितीही ध्यानात घ्यायला हवी. तीनच वर्षांपूर्वी, १३ ऑक्टोबर १९२९ ला, याच शहरात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्यात पुढे होते, काही सवर्ण तरुणही बरोबर होते. त्यांच्यावर दगडफेक झाली आणि मंदिर बंदच राहिलं. जोतीरावांनी ज्या गावात आपला हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याच गावात साठ वर्षांनी ही गत होती. त्यामुळे ‘हिंदू समाज एक आहे, त्यात फूट नको’ हे वाक्य येरवड्यात उच्चारलं जात होतं, तेव्हा पर्वतीच्या पायऱ्या चढून परत फिरलेल्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा. राजभोज हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

पाच दिवसांची घासाघीस

वाटाघाटी मुंबईत सुरू झाल्या आणि दोन दिवसांत पुण्याला आल्या. एका बाजूला मदनमोहन मालवीय, तेजबहादूर सप्रू, मु. रा. जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, घनश्यामदास बिर्ला, ठक्करबाप्पा. दुसऱ्या बाजूला डॉ. आंबेडकर, त्यांच्यासोबत डॉ. सोळंकी आणि मद्रासचे श्रीनिवासन. शिवाय मद्रासचे एम. सी. राजा होते, ते संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे राखीव जागेवरही सगळ्या मतदारांनी मिळून निवडण्याच्या, बाजूचे. आणि पळवणकर बाळू होते. पुण्यातच ज्यांची गोलंदाजी घडली, ज्यांना खेळाच्या मैदानावरही वेगळ्या भांड्यात चहा दिला गेला, ते हे क्रिकेटपटू.

बाबासाहेबांचं वय तेव्हा एकेचाळीस. समोर देशाचा सर्वात लाडका माणूस तुरुंगाच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली खाटेवर पडलेला. तो गेला तर खेडोपाडीच्या निराधार वस्त्यांवर सूड उगवला जाईल, ही भीती हवेत होती. अशा वेळी सौदा करणं म्हणजे काय असतं, हे शांत खोलीत बसून आपल्याला नीट कळणार नाही. तरीही त्यांनी आकड्यांवर आणि कलमांवर घट्ट पाय रोवून बोलणी केली, याबद्दल मला आजही अपार आदर वाटतो.

जागांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. बाबासाहेबांनी १९७ मागितल्या, तडजोड १४८ वर झाली. निवाड्यातल्या ७१ च्या दुपटीहून जास्त. मद्रास १८ वरून ३०, मुंबई सिंधसह १० वरून १५, बंगाल १० वरून ३०, मध्य प्रांत १० वरून २०. पंजाबात निवाड्याने एकही जागा दिली नव्हती, तिथे ८ मिळाल्या. मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के ठरल्या. सरकारी शिक्षण अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढायची, असंही एक कलम आलं.

खरी अडचण होती ती निवडणार कोण याची. गांधीजींना स्वतंत्र मतदारसंघ कुठल्याही रूपात नको होता. बाबासाहेबांना नुसता संयुक्त मतदारसंघ चालण्यासारखा नव्हता, कारण गावोगावी अस्पृश्य मतदार मूठभर. सवर्ण मतदार ज्याला पसंत करतील तोच अस्पृश्य उमेदवार निवडून येणार, हे उघड होतं. मधला मार्ग सप्रूंनी पुढे केला, दोन फेऱ्यांचा. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी एका राखीव जागेसाठी चार जणांचं पॅनेल निवडायचं आणि मग त्या चौघांतून सगळ्या मतदारांनी एक. ही पद्धत आधी काही थोड्या जागांपुरती सुचवली गेली होती. ती द्यायचीच तर सगळ्या जागांना द्या, असं गांधीजींनीच म्हटलं. त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनी, दोघांनीही ही गोष्ट नोंदवायला हवी.

शेवटचा तिढा मुदतीचा. प्राथमिक फेरी दहा वर्षांनी संपेल, हे ठरलं. पण राखीव जागा कधी संपवायच्या, त्यासाठी अस्पृश्यांचं सार्वमत घ्यायचं का आणि किती वर्षांनी, यावर गाडं अडलं. बाबासाहेब दहा वर्षांच्या खाली येईनात, गांधीजी पाचाच्या वर जाईनात. शेवटी सार्वमताचा विषयच वगळला आणि ‘परस्पर संमतीने ठरेपर्यंत’ असे शब्द आले. २४ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, सह्या झाल्या. अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेब, सवर्णांच्या वतीने मालवीय. गांधीजींची त्यावर सही नाही, देवदास गांधींची आहे. राजगोपालाचारींनी आणि बाबासाहेबांनी आपापली फाउंटन पेनं एकमेकांना दिली. सह्या करणाऱ्यांत बाळू होते, राजभोजही होते.

दोन दिवसांनी सरकारने मान्यता कळवली आणि उपोषण सुटलं.

दुसरं कलम जवळून

आता ते कलम नीट पाहू. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी पॅनेल निवडायचं, प्रत्येकाला एकच मत, सर्वाधिक मतांचे चौघे पुढच्या फेरीत.

समजा एका मतदारसंघात १,००० दलित मतदार आहेत आणि ९,००० इतर. आकडे माझे आहेत, हिशेब कलमाचा आहे. प्राथमिक फेरीत पहिल्याला ६५०, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला १००, चौथ्याला ५०. समाजाने कौल दिला, आणि अगदी स्पष्ट दिला. पण कलमाच्या दृष्टीने हे चौघेही सारखेच उमेदवार. अंतिम फेरीत सवर्ण मतदारांपैकी अर्ध्यांनी जरी चौथ्याला मत दिलं तरी तो ४,५०० वर पोहोचतो. उरलेली सवर्ण मतं बाकीच्या तिघांत सारखी वाटली गेली, तर पहिल्याला समाजातली सगळी हजार मतं पडली तरी तो हरतो. वीसातल्या एकाने ज्याला पसंत केलं तो कायदेमंडळात ‘दलितांचा प्रतिनिधी’ म्हणून बसतो आणि एकोणीस जण बघत राहतात.

पॅनेल दोघांचं असतं तर? हा धोका बराच कमी झाला असता. पहिल्या दोघांत समाजाचा खरा कौल बहुतेक वेळा सापडतोच. चार या आकड्याने सवर्ण मतदाराला निवडीला भरपूर मोकळी जागा दिली. पुढे नियम झाले तेव्हा चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तरच प्राथमिक फेरी, असं ठरलं. म्हणजे तीन-चार अर्ज आले की दलित मतदाराचा पहिला शब्दही गेला.

कराराचा आत्मा जागांच्या संख्येत शोधायची सवय आपल्याला लागली आहे. ७१ चे १४८ झाले, हा फायदा खराच. बंगालमधल्या सवर्ण हिंदूंनी करारावर आगपाखड केली ती याच वाढीमुळे. तिथल्या २५० जागांच्या सभागृहात सर्वसाधारण जागा ८० आणि त्यातल्या ३० राखीव झाल्या होत्या. पण संख्या मिळाली त्याच कागदावर प्रतिनिधीचं उत्तरदायित्व निसटलं. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. स्वतंत्र मतदारसंघ हवा होता की नको, हा वाद त्यापुढे मला दुय्यम वाटतो.

परिणाम

१९३७ ची निवडणूक मुंबई प्रांतात बरी गेली. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतातल्या १५ राखीव जागांपैकी ११ जिंकल्या. मुंबईत खुद्द त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पळवणकर बाळूंना उभं केलं होतं. येरवड्याच्या कागदावर सही केलेली दोन माणसं पाच वर्षांनी एकमेकांसमोर आली. बाळू हरले, पण लढत सोपी नव्हती. इतर प्रांतांत काँग्रेसने राखीव जागांवर चांगलाच जम बसवला.

१९४५-४६ च्या निवडणुकीत मात्र खरं रूप दिसलं. बाबासाहेबांच्या नव्या पक्षाला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला, प्राथमिक फेऱ्यांत काँग्रेसच्या तोडीची मतं पडली होती. अंतिम निकालात प्रांतिक कायदेमंडळांत त्यांच्या हाती देशभर दोनच जागा आल्या. पुष्कळ मतदारसंघांत फेडरेशनला उमेदवार उभे करण्याइतकी संघटना आणि पैसा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सगळा दोष कलमावर टाकता येणार नाही. तरी जिथे लढत झाली तिथे समाजाचा कौल एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, असं चित्र होतं.

मग जुलै १९४६ उजाडला. मुंबई कायदेमंडळाचं पावसाळी अधिवेशन पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. त्याच वेळी फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह पुकारला. सत्तांतरासाठी आलेल्या ब्रिटिश कॅबिनेट मिशनच्या योजनेत दलितांच्या राजकीय हक्कांचं काय, हा सवाल होता आणि पुणे कराराचा धिक्कार होता. फेडरेशनचे सरचिटणीस तेव्हा पां. ना. राजभोज होते. चौदा वर्षांपूर्वी ज्या करारावर त्यांनी सही केली, त्याच्याविरुद्ध त्याच शहरात लोक अटक करून घेत होते. कोणी याला घूमजाव म्हणेल. मला तो अनुभवातून आलेला निष्कर्ष वाटतो. करार दहा-चौदा वर्षं वापरून पाहिला, निकाल समोर होते.

संविधान सभेत

बाबासाहेब संविधान सभेत आधी बंगालमधून गेले, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने. मुंबई प्रांतातून निवडून येण्याइतकं बळ कायदेमंडळात उरलंच नव्हतं. फाळणीनंतर ते पुन्हा आले ते काँग्रेसच्या पाठिंब्याने, मु. रा. जयकरांनी मोकळ्या केलेल्या जागेवर. तेच जयकर, येरवड्याच्या वाटाघाटींतले.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी सभेला दिलेल्या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा केली होती. फाळणीच्या वातावरणात तिला कोणी ऐकणार नव्हतं. ऑगस्टमध्ये सल्लागार समितीचा अहवाल चर्चेला आला, तेव्हा मद्रासचे दलित सदस्य एस. नागप्पा यांनी एक दुरुस्ती मांडली: राखीव जागेवर निवडून येणाऱ्या उमेदवाराला आपल्या समाजाच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मतं पडलेली असावीत. येरवड्याच्या दुसऱ्या कलमाचं हे सुधारलेलं रूपच म्हणायचं. समाजाचा पुरेसा कौल असल्याशिवाय समाजाच्या नावाने बसता येणार नाही, एवढंच त्यात होतं. सरदार पटेलांनी कडाडून विरोध केला, नागप्पांनी दुरुस्ती मागे घेतली. पटेल १९३२ मध्ये गांधीजींबरोबर येरवड्यातच कैदेत होते.

त्या दुरुस्तीत एक खरीखुरी अडचण होती, तीही मांडतो. उमेदवाराला समाजाची किती मतं पडली हे मोजायचं तर त्या समाजाच्या मतपत्रिका वेगळ्या ठेवाव्या लागतात. गावात तीस-चाळीस दलित मतदार असतील तर कोणी कोणाला मत दिलं हे दुसऱ्या दिवशी पाटलाला कळणार. गुप्त मतदान हे दुबळ्याचं सर्वात मोठं संरक्षण, आणि तेच धोक्यात येतं. यावर तोडगा निघू शकला असता का, याची चर्चाच झाली नाही. माझी तक्रार आहे ती यासाठी.

संविधानाने ३२५ व्या कलमाने सगळ्यांची एकच मतदारयादी केली, ३३० आणि ३३२ ने राखीव जागा दिल्या. दोन फेऱ्या संपल्या. प्रौढ मतदान आलं, आणि ते येरवड्याच्या वेळच्या मालमत्ता-शिक्षणाच्या अटींपेक्षा कितीतरी मोठं पाऊल होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं की २६ जानेवारीपासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकतो आहोत, राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता. ते भाषण आपण दरवर्षी उद्धृत करतो. पण राखीव मतदारसंघ म्हणजे ही विसंगती प्रत्यक्ष कुठे बोचते याचं ठिकाण आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. तिथे प्रत्येक मताची किंमत सारखी, आणि नेमक्या त्या सारखेपणामुळेच ज्याच्यासाठी जागा राखली त्याचं मत संख्येत बुडतं.

मुंबई आणि सोलापूर, १९५२

पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात, म्हणजे त्याच मतदारांनी एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन सदस्य निवडायच्या मतदारसंघात, हरले. संविधानाचा मसुदा करणारा माणूस सुमारे १४ हजार मतांनी पडला आणि काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. ही हार सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्याच निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे राजभोज निवडून आले. तोच संयुक्त मतदारसंघ, तीच पद्धत. तिथे फेडरेशनची शेतकरी कामगार पक्षाशी युती होती आणि दुसऱ्या जागेवर शेकापचे शंकरराव मोरे जिंकले. बहुजन शेतकऱ्याचं मत दलित पक्षाच्या उमेदवाराला पडलं आणि दलित मत शेकापला. पर्वतीच्या पायथ्यापासून सुरू झालेला राजभोजांचा प्रवास संयुक्त मतदारयादीवरच दिल्लीला पोहोचला. स्वतंत्र मतदारसंघाशिवाय काहीच शक्य नव्हतं, असं म्हणणाऱ्यांना सोलापूरचं उत्तर द्यावं लागतं. आणि संयुक्त मतदारसंघाने आपोआप बंधुता येते असं म्हणणाऱ्यांना उत्तर मुंबईचं. दलित मतदारांनी आपला पक्ष, आपला उमेदवार स्वतः ठरवला आणि मग बरोबरीच्या नात्याने युती केली, तिथे ही पद्धत चालली. उमेदवार दुसऱ्यांनी ठरवला तिथे जागा भरली, पण त्यांचा आवाज त्या जागेत आला नाही.

१९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने बंद झाले आणि राखीव मतदारसंघ वेगळे काढले गेले. ३३४ व्या कलमातली दहा वर्षांची मुदत वाढत वाढत आता जानेवारी २०३० पर्यंत आली आहे. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा आहेत, महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९. पुण्याच्या परिसरात पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी हे त्यातले दोन.

आज काय करता येईल

स्वतंत्र मतदारसंघ परत आणा, असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली, आणि मतपत्रिका वेगळ्या ठेवण्याची अडचण आजही तशीच आहे. पण दुसऱ्या कलमाने जे काम करायचं होतं, ते काम अजून बाकी आहे: उमेदवारीच्या टप्प्यावर समाजाचा शब्द. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कोणताही पक्ष आपल्या नियमावलीत लिहू शकतो की राखीव मतदारसंघातला उमेदवार त्या मतदारसंघातल्या पक्षाच्या दलित सभासदांच्या गुप्त मतदानाने ठरेल, म्हणजे त्या मतदानात पहिल्या आलेल्या दोघांपैकीच एकाला तिकीट मिळेल. सभासद यादी पक्षाकडे असते, मतदान एका रविवारी होतं. मला माहीत असलेला एकही मोठा पक्ष हे करत नाही. तिकीट मुंबईला किंवा दिल्लीला ठरतं, आणि पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीला ते वर्तमानपत्रात वाचायला मिळतं.

महापालिकेत तर आणखी एक गाठ आहे. कोणत्या प्रभागातली जागा राखीव हे निवडणुकीआधी ठरतं आणि पुढच्या निवडणुकीला बदलू शकतं. आपला प्रभाग पुन्हा राखीव असेल की नाही हेच नगरसेवकाला माहीत नसेल, तर पाच वर्षांनी हिशेब मागायला मतदाराने जायचं कोणाकडे? आरक्षणाचं फिरतं चक्र निदान दोन सलग निवडणुकांसाठी थांबवावं, म्हणजे एकदा निवडून आलेल्याला त्याच लोकांसमोर पुन्हा उभं राहावं लागेल. राज्य सरकारला हा बदल कायद्याने करता येतो. येत्या प्रभागरचनेच्या वेळी हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा ही सूचना लेखी जायला हवी, आणि प्रत्येक वस्तीतून वेगळी जायला हवी.